वेदनेचे मोल : ‘मर्द को दर्द नहीं होता’ या चित्रपटाचा पूर्वार्ध आणि उत्तरार्ध

१

झुंजीच्या चित्रपटांचा गंभीरपणे विचार करण्याची परंपरा मराठी समीक्षेत फारशी नाही. असे चित्रपट करमणुकीपुरते पाहावेत आणि विसरावेत, असाच सुशिक्षितांचा सर्वसाधारण समज असतो. परिणामी अशा एखाद्या चित्रपटाचा प्रारंभ उत्तम साधला आणि शेवट फसला, तर ‘उत्तरार्ध रेंगाळला’ किंवा ‘पकड सुटली’ एवढे म्हणून त्याचा निकाल लावला जातो. पकड सुटली म्हणजे नेमके काय सुटले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः तोच प्रश्न महत्त्वाचा होय. कारण चांगल्या प्रारंभानंतरची रसहानी ही केवळ गतीची किंवा लांबीची बाब नसते. प्रारंभी कलाकृतीने जे गृहीतकृत्य स्वतःपुढे मांडलेले असते, त्याच्याशी तिने पुढे कितपत इमान राखले, याचा निर्णय तेथे होत असतो.

या दृष्टीने वासन बाला यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘मर्द को दर्द नहीं होता’ हा हिंदी चित्रपट अभ्यासनीय ठरतो. २०१८ साली टोरंटोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला आणि त्या महोत्सवातील ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागाचे प्रेक्षकपसंतीचे पारितोषिक त्याला मिळाले. मार्च २०१९ मध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. मात्र तिकीटविक्रीच्या दृष्टीने त्याला यश लाभले नाही. वासन बाला यांचा आधीचा ‘पेडलर्स’ हा चित्रपट २०१२ साली कान येथील समीक्षक-सप्ताहात दाखविला गेला होता. अशा जाणत्या दिग्दर्शकाच्या हातून इतकी नावीन्यपूर्ण कल्पना अर्ध्यावर का निसटावी, हे पाहण्यासारखे आहे. चित्रपट हिंदी असला तरी तो मुंबईत घडतो, आणि नायकाला घडविणाऱ्या व्यक्तीला त्यात सगळे ‘आजोबा’ याच मराठी शब्दाने ओळखतात. ती भूमिका महेश मांजरेकर यांनी केली आहे. नायकाच्या भूमिकेतील अभिमन्यू दसानी यांचे हे पदार्पण होते.

२

झुंज रंगविणाऱ्या कलाकृतीपुढील अडचण पुरातन आहे. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकाच्या द्वारे सूचित कराव्यात, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. रंगमंचावरील खोट्या शस्त्रांनी खरी भीती उत्पन्न होत नाही, हे व्यावहारिक कारण त्यामागे असणे शक्य आहे. चित्रपटाने हा दंडक मोडला. कॅमेऱ्याला जवळ जाता येते, काळ लांबविता येतो, शरीराचा प्रत्येक झटका टिपता येतो. परंतु त्यामुळे मूळ अडचण संपली असे नाही. वीररसाचा स्थायिभाव उत्साह हा आहे, आणि उत्साहाला अर्थ येतो तो समोर काही दुष्कर असल्यामुळे. ज्याला काहीच दुष्कर नाही त्याच्या हालचालीत चापल्य दिसेल, कौशल्यही दिसेल; उत्साह दिसणार नाही. म्हणून झुंजीच्या प्रत्येक चित्रपटाला एक प्रश्न सोडवावाच लागतो : या झुंजीची किंमत कोण मोजतो, आणि ती प्रेक्षकाला कोठे दिसते?

जेथे नायक मुळातच अजिंक्य असतो तेथे हा प्रश्न अधिक बिकट होतो. त्याचे एक अत्यंत समर्पक उत्तर नाशिकातच, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिले गेले आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी नाशिकच्या हिंदुस्थान कंपनीतर्फे १९१९ साली ‘कालिया मर्दन’ हा मूकपट काढला. त्यात बाळकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके या मुलीचा चेहरा आणि त्यावरील निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखवितात. म्हणजे समोर दिसणार आहे ते एक लहान मूल आहे, ही जाणीव ते आधीच करून देतात. पुढे कृष्ण डोहात उडी घेतो आणि पाण्याखाली नागाशी झुंजतो. कृष्ण परमेश्वर असल्याने त्याला इजा होणार नाही, हे त्या काळच्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते. तरीही प्रसंग निर्जीव होत नाही. कारण फाळके पाण्याखालील झुंज आणि काठावरील आप्तजनांची घालमेल ही दोन्ही दृश्ये आलटूनपालटून दाखवितात. कृष्णाला न होणारी वेदना काठावरच्या माणसांना होते. झुंजीचे मोल नायकाच्या अंगावर दिसत नसेल तर ते त्याच्या माणसांच्या चेहऱ्यावर दिसले पाहिजे, हे तत्त्व येथे कोणतीही चर्चा न करता सिद्ध झाले आहे.

प्रस्तुत चित्रपटाचा नायकही, निराळ्या अर्थाने, वेदनेच्या पलीकडचा आहे. म्हणूनच ‘कालिया मर्दन’ची कसोटी त्याला लावणे अनाठायी होणार नाही.

३

सूर्या हा मुलगा जन्मतःच वेदनासंवेदना नसलेला आहे. ही कविकल्पना नव्हे. वैद्यकशास्त्राला हा दुर्मीळ विकार परिचित आहे. २००६ साली उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि एका विशिष्ट जनुकातील बिघाडामुळे वेदनेचा संदेश मज्जातंतूंतून पुढे जात नाही, असे त्यातून निष्पन्न झाले. त्या शोधाला निमित्त झालेला मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवीत असे. तो दंडातून सुऱ्या आरपार घालून घेई आणि निखाऱ्यांवरून चाले. चौदा वर्षे पूर्ण होण्याच्या आतच छपरावरून उडी मारून तो मरण पावला. अभ्यासलेल्या मुलांच्या ओठांना किंवा जिभेला त्यांच्याच दातांनी जखमा झालेल्या होत्या. तात्पर्य, वेदना न होणे हे सामर्थ्य नसून संरक्षणाचा अभाव होय. ‘मर्द को दर्द नहीं होता’ हे वाक्य १९८५ सालच्या ‘मर्द’ या चित्रपटामुळे पुरुषार्थाची घोषणा म्हणून लोकांच्या तोंडी बसले होते. वासन बाला यांनी ती घोषणा उचलून तिचे रूपांतर एका रोगलक्षणात केले. या एका उलटापालटीतच चित्रपटाची सारी बौद्धिक शक्ती सामावलेली आहे.

पूर्वार्ध या शक्तीचा पुरेपूर उपयोग करतो. सोनसाखळी खेचणाऱ्या चोरांमुळे सूर्याची आई दगावलेली आहे. तान्ह्या वयातील या घटनेचा सूड उगविण्याचे स्वप्न तो बाळगतो. बाप भयग्रस्त आहे. मुलाला आपली जखम कळत नाही, म्हणून ती दुसऱ्याने शोधावी लागते. डोळ्यांना गॉगल, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तोंडाशी तिची नळी असा त्याचा सरंजाम असतो. शरीरातील पाणी कमी होणे त्याला घातक आहे. मार लागला की ‘आऊच’ म्हणावयाचे, हे आजोबा त्याला शिकवितात. हा तपशील विनोदी वाटतो, पण त्याचा आशय गंभीर आहे. इतरांना जे उपजत असते ते या मुलाला पाठांतराने मिळवावे लागते. वेदना ही त्याच्या दृष्टीने एक परभाषा आहे. पुढे तो मार खाल्ल्यावर किंचित उशिराने ‘आऊच’ म्हणतो, तेव्हा प्रेक्षक हसतो आणि त्याच क्षणी या मुलाच्या एकटेपणाची त्याला जाणीव होते. हास्य आणि करुण यांचा असा संकर हिंदी चित्रपटात विरळा आढळतो.

सूर्याचे शिक्षण व्हिडिओ कॅसेटींवर होते. जुने कराटेपट आणि ‘कराटे मणी’ नावाच्या एकपायी लढवय्याची चित्रफीत, हेच त्याचे गुरुकुल. या मणीने एकामागून एक अनेक प्रतिस्पर्ध्यांशी झुंज दिल्याचे त्या चित्रफितीत दिसते आणि मुलाला आपले दैवत सापडते. येथेही एक सूक्ष्म जाण आहे. तालमीत शरीराला शिकविणारा वस्ताद समोर असतो, जोडीदार असतो, माती असते. नाशिक जिल्ह्यातील कोठुरे गावाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या पेशवाईअखेरीस नव्याने उभी केली असे परंपरा सांगते. ती विद्याही घर्षणातून, अंग सोलवटून घेतच आत्मसात होते. सूर्याला कॅसेटीतून आकार मिळतो, स्पर्श मिळत नाही. तो लढण्याचे अनुकरण शिकतो. आजोबा हा त्याचा वस्ताद खरा, पण तो डावपेच शिकवीत नाही. जगात वावरावे कसे हे शिकवितो.

पूर्वार्धातील आणखी एक सामर्थ्यस्थळ म्हणजे सुप्री. बालपणी शाळेत सूर्याची पाठराखण करणारी ही मुलगी घरी बापाचा जाच सोसत असते. तिच्या बापाशी झालेल्या प्रकरणानंतर दोघांची ताटातूट होते आणि अनेक वर्षांनी सूर्याला ती पुन्हा भेटते ती प्रत्यक्ष झुंजताना. राधिका मदान यांनी रंगविलेला हा प्रसंग चित्रपटातील सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक होय. नायकाने धावून जावे असा रूढ संकेत असताना तिला त्याची गरजच पडत नाही. परंतु महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे. सुप्रीला वेदना होते आणि ती लपवावी लागते. सूर्याला वेदना होत नाही आणि तिचे सोंग करावे लागते. आजारी आई आणि मालकी गाजविणारा वाग्दत्त वर यांच्या कात्रीत ती सापडलेली आहे. अशी ही दोन माणसे समोरासमोर आल्यावर खऱ्या नाट्याची सामग्री सिद्ध होते.

कथनाची रीतही या आशयाला अनुरूप आहे. सूर्या स्वतःच आपली कथा सांगतो, मध्येच थांबतो, कॅसेट मागे फिरवावी तसा मागे जातो, आणि आपल्या सांगण्यावर सर्वस्वी विसंबू नये असेही सुचवितो. मंदगती दृश्यांचा वापर विपुल आहे, पण प्रारंभी त्याला अर्थ आहे. आघात आणि त्याची जाणीव यांच्यातील अंतर हाच या मुलाचा विकार असल्यामुळे, लांबविलेला क्षण त्याच्या अंतरंगाचे चित्र ठरतो.

४

मध्यंतराच्या सुमारास कथेचे केंद्र बदलते. मणी आता व्यसनाधीन व खचलेला आहे. त्याचा जुळा भाऊ जिमी हा सुरक्षारक्षक पुरविणाऱ्या संस्थेचा चालक, दुष्ट आणि चमत्कारिक मनुष्य आहे. वडिलांनी मणीला दिलेले एक लॉकेट तो हिरावून घेतो. ते परत मिळविण्यासाठी सूर्या आणि सुप्री पुढे सरसावतात आणि यानंतरचा बहुतेक चित्रपट या लॉकेटभोवती फिरतो. गुलशन देवैया यांनी दोन्ही भावांच्या भूमिका केल्या आहेत. मणीची थकलेली माया आणि जिमीचा भडक आसुरी आनंद यांत त्यांनी राखलेला भेद नटाच्या कसबाची साक्ष देतो. उत्तरार्धात जी काही रंगत आहे ती बव्हंशी त्यांच्यामुळे आहे. तथापि रसहानीचे मूळही याच स्थलांतरात आहे.

कारण दोन भावांचे वैर हा सूर्याचा प्रश्न नव्हे. वडिलांच्या पक्षपातातून जन्मलेली ती एक स्वतंत्र कथा आहे, आणि तिच्यात सूर्याच्या जागी दुसरा कोणताही कराटेपटू घातला तरी घटनांचा क्रम फारसा बदलणार नाही. ज्या विकारावर पूर्वार्धाची उभारणी झाली तो उत्तरार्धात निष्क्रिय होतो. पाण्याची अट आठवण करून देण्यापुरती उरते. बापाचे भय आणि आजोबांची धास्ती मागे पडते. फाळक्यांच्या भाषेत बोलावयाचे तर डोहातील झुंज चालू राहते, पण काठ रिकामा होतो. सूर्याला मार बसतो तेव्हा त्याला तो जाणवत नाही हे ठरलेलेच आहे. पण त्याच्या वतीने तो जाणवून घेणारे कोणी दृश्यात नसेल, तर प्रेक्षकाने तरी तो का जाणवून घ्यावा? अखेरच्या दीर्घ झुंजी कौशल्याने बसविलेल्या आहेत, एकेका प्रतिस्पर्ध्याला स्वतंत्र ढंग दिलेला आहे, कुबडी घेऊन लढणाऱ्या मणीची हालचाल लक्षवेधक आहे. आणि तरीही त्या पाहताना मन तटस्थ राहते. मंदगतीही आता केवळ अलंकार होते.

या उणिवेचे स्वरूप हाँगकाँगच्या एका प्रसिद्ध चित्रपटाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होईल. चांग चेह यांच्या १९६७ सालच्या ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’ या चित्रपटात जिमी वाँग यू यांनी साकारलेला नायक उजवा हात गमावतो. पुढे तो डाव्या हाताने, वडिलांच्या तुटक्या तलवारीने लढावयास शिकतो. त्याच्या गुरूच्या परंपरेतील तलवार अडकवून ठेवणारे एक हत्यार शत्रूने तयार केलेले असते. पण नायकाची तलवार आखूड असल्यामुळे ते हत्यार निष्फळ होते. म्हणजे उणीव हीच पद्धती होते आणि पद्धतीतून विजय येतो. शरीराचा इतिहास आणि कथेची सोडवणूक येथे एकजीव झाली आहे. ‘मर्द को दर्द नहीं होता’मध्ये सूर्याच्या विकारातून लढण्याची अशी स्वतःची रीत जन्माला येत नाही. ज्याला जखम कळत नाही तो कसा लढेल? त्याला प्रत्येक आघातानंतर आपले अवयव तपासावे लागतील काय? मोडलेल्या हाताने तो मारीतच राहील काय? त्याचा सोबती त्याला थांबवील काय? हे प्रश्न पूर्वार्धाने प्रेक्षकाच्या मनात रुजविले होते. उत्तरार्ध त्यांना हात घालीत नाही.

सुप्रीच्या बाबतीतही हेच घडते. तिच्या वाट्याला झुंजी भरपूर येतात, परंतु तिच्या वेदनेचा आणि सूर्याच्या वेदनाहीनतेचा सामना जितका खोल व्हावयास हवा होता तितका होत नाही. वाग्दत्त वराचा जाच हा रस्त्यावरील मारामारीने सुटणारा प्रश्न नाही. मार कोठे लागतो हे ज्याला शिकून घ्यावे लागले त्या सूर्याला सुप्रीचा न दिसणारा मार ओळखता येणे, हा त्याच्या शिक्षणाचा खरा शेवट झाला असता. ती शक्यता चित्रपटात सूचित होते. विकास मात्र लॉकेटच्या कथेचा होतो.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. हा चित्रपट जुन्या कराटेपटांचे प्रेमळ विडंबन आहे. जुळे भाऊ, हरवलेले लॉकेट, विक्षिप्त खलनायक हे सारे मुद्दाम योजलेले ठोकळे आहेत. तेव्हा त्यांच्यात जीवनदर्शन शोधणे अरसिकपणाचे होय, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. दिग्दर्शकाचे त्या चित्रपटांवरील प्रेम निर्व्याज आहे आणि ते प्रेम पडद्यावर जाणवते. कॅसेटींच्या पिढीतील प्रेक्षकाला उत्तरार्धात जो आनंद होतो तो खोटा म्हणता येणार नाही.

परंतु विडंबनाचाही एक धर्म आहे. पुस्तके वाचून डोके फिरलेल्या सरदाराची कथा सर्व्हांटिसने सतराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिली. तिचे सामर्थ्य पवनचक्कीला राक्षस समजण्यात जितके आहे, तितकेच पवनचक्कीचे पाते लागून तो सरदार जमिनीवर आदळण्यात आहे. ग्रंथातील जग आणि बाहेरचे जग यांची टक्कर चालू राहते, म्हणून हसू टिकते आणि त्याला कारुण्याची किनार येते. सूर्याही कॅसेटींनी वेडावलेला एक सरदारच आहे. पूर्वार्धात त्याच्या कॅसेटींना मुंबईची वस्ती, घरातले भय आणि त्याचे स्वतःचे शरीर प्रत्युत्तर देत असते. उत्तरार्धात मात्र सारे जगच कॅसेटीसारखे वागू लागते; खलनायक कॅसेटीतल्यासारखा बोलतो आणि प्रतिस्पर्धी कॅसेटीतल्यासारखे रांग लावून येतात. स्वप्न पाहणारा आणि त्याला ठेच लावणारे वास्तव यांपैकी वास्तवाने माघार घेतल्यावर विडंबनाला विषयच उरत नाही. उरते ते अनुकरण. आणि अनुकरण मूळ कराटेपटांच्या पुढे कसे जाणार? मूळ चित्रपटांतील लढवय्यांना निदान लागत तरी होते. जॅकी चॅन यांच्या चित्रपटांत नायक कळवळतो, हात झटकतो, धडपडतो, आणि अखेरीस चित्रीकरणातील खऱ्या अपघातांची दृश्येही दाखविली जातात. त्यांच्या विनोदाचा पाया वेदना हाच असतो.

६

सारांश, ‘मर्द को दर्द नहीं होता’ या चित्रपटातील रसहानीचे कारण उत्तरार्धाची लांबी नव्हे, झुंजींची निकृष्टता नव्हे, नटांची उणीवही नव्हे. वेदना ही ज्ञानाचे साधन आहे आणि ती नसलेल्या माणसाला ते ज्ञान दुसऱ्यांच्या आधाराने मिळवावे लागते, हा विचार चित्रपटाने प्रारंभी मोठ्या धिटाईने मांडला. पौरुषाच्या एका पोकळ घोषणेला तो छेद देणारा होता, आणि आजच्या हिंदी चित्रपटातील नायक जसजसा अधिकाधिक अभेद्य होत चालला आहे तसतसे त्या विचाराचे मोल वाढत आहे. अशा वेळी चित्रपटाने शेवटी ज्या नायकाची थट्टा आरंभिली होती त्याच नायकाला विजयी करून सोडावे, यात केवळ कलात्मक नव्हे तर वैचारिक हानीही आहे. मर्दाला वेदना होत नाही, ही घोषणा पूर्वार्धाने खोटी ठरविली. उत्तरार्धाने ती नकळत पुन्हा खरी केली.

तरीही या चित्रपटाची गणना फसलेल्या सामान्य चित्रपटांत करणे अन्यायाचे होईल. त्याचा पूर्वार्ध हा झुंजीच्या चित्रपटाला किती सूक्ष्म होता येते याचा पुरावा आहे, आणि उशिराने ‘आऊच’ म्हणणारा तो मुलगा स्मरणात राहतो. चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने तो ‘कालिया मर्दन’शेजारी ठेवून पाहावा. फाळक्यांच्या मूकपटाचा उपलब्ध भाग पाहिला तरी साधने किती तुटपुंजी होती हे कळते. पण अजिंक्य नायकाची झुंज चालू असताना कॅमेरा काठाकडे वळविला पाहिजे, हे त्यांना कळले होते. वासन बाला यांच्याजवळ तो काठ तयार होता : भेदरलेला बाप, हसतमुख आजोबा आणि वेदना दडविणारी सुप्री. त्यांच्याकडे शेवटपर्यंत पाहत राहिले असते, तर हा चित्रपट आपल्या प्रारंभास साजेसा संपला असता.